कब्रस्तानातलं गवत जाळू नका, कापून काढा

शब-ए-बरात जवळ आली की कोकणातल्या गावागावांत कब्रस्तानाच्या सफाईची गडबड सुरू होते. मुंबईहून माणसं येणार, रात्री फातेहा पढायला जाणार, मग गुडघाभर गवत कसं चालेल? आठ-दहा पोरं जमतात, कुणीतरी काडी ओढतो, अर्ध्या तासात सगळं काळं. पैसा लागत नाही, घाम लागत नाही. पण आमच्या भागात एकदा अशीच लावलेली आग गडगा ओलांडून शेजाऱ्याच्या काजूत शिरली. जमातीने माफी मागितली, भरपाईही दिली. तरी नवं कलम लावून काजू हातात यायला तीन-चार वर्षं जातात, ती कोण भरून देणार?

पूर्वी असं होत नव्हतं, असं बुजुर्ग म्हणतात. त्यात तथ्य आहे. हिजरी साल इंग्रजी सालापेक्षा 10-11 दिवसांनी लहान. 2010 मध्ये शब-ए-बरात जुलैअखेर, भर पावसात होती. 2025 मध्ये ती 13 फेब्रुवारीला आली आणि रमजान 2 मार्चला सुरू झाला. म्हणजे पुढची काही वर्षं हे दिवस ऐन वणव्याच्या हंगामातच येणार.

फेब्रुवारीत सड्यावरचं गवत वाळून कागद झालेलं असतं. त्यात आपल्या किनारपट्टीचा वारा दिवसात दिशा बदलतो. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. दुपारी खारा वारा, समुद्राकडून डोंगराकडे. सकाळी नऊला लावलेली आग निवांत एका बाजूला सरकत असते, पोरं चहाला जातात, आणि दुपारी तीच आग उलटी फिरते. चढ लागला तर विचारूच नका. ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात, त्यामुळे आग सपाटीपेक्षा कितीतरी जोरात वर चढते.

"जाळलं की पुढच्या वर्षी गवत कमी येतं" हाही गैरसमजच. मुळं जमिनीत शाबूत राहतात, पावसात गवत पुन्हा उगवतं. उलट उघडी पडलेली माती वाहून जाते, कबरी खचतात.

त्यापेक्षा गुरं असलेल्या शेजाऱ्याला दिवाळीनंतर निरोप द्या. तो आनंदाने कापून नेईल, वैरण फुकट कोण सोडतो? (कबरीवरचं हिरवं गवत काढावं का, हा मसला इमामसाहेबांना विचारा. मी वाळलेल्याबद्दल बोलतोय.) गडग्याच्या कडेने दोन-तीन मीटर पट्टा साफ ठेवला तर बाहेरची आग आत येण्याचा धोकाही कमी होतो. त्या रात्री अगरबत्ती, मेणबत्ती गवतात खोचू नका. सेहरीच्या चुलीतली राख पाणी ओतल्याशिवाय उकिरड्यावर टाकू नका, आतला निखारा तासन्तास जिवंत असतो. झोपण्यापूर्वी घरातली आग विझवण्याची ताकीद तर हदीसमध्येच आहे.

आग हाताबाहेर गेलीच तर तिच्या तोंडासमोर किंवा चढाच्या वरच्या बाजूला उभं राहू नका. जळून गेलेल्या बाजूने, ओल्या डहाळ्यांनी कडा झोडत या. मुलांना लांब ठेवा. अग्निशमन 101, वनविभाग 1926. फोन करायला लाजू नका, "आपलं नाव येईल" म्हणून तर मुळीच नाही. राखीव जंगलाला आग लावणं 1927 च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे, आणि जंगलापर्यंत आग पोहोचण्याआधी केलेला फोनच तिथवर गोष्ट जाऊ देत नाही.