जिथं जेवण संपतं, तिथं जेवावं

औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून सातारा ते कोल्हापूर हा माझा पट्टा. फिरतीवर असलो की तिन्ही त्रिकाळ बाहेरचं खाणं, तेही कंपनीच्या ठरलेल्या भत्त्यात. पोट बिघडलं तर कामाचा खाडा, हात सैल सोडला तर पदरमोड. त्यामुळं कुठं बसायचं हे मी पाटी बघून ठरवत नाही. कसं ठरवतो, ते फिरतीच्या एका दिवसातून सांगतो.

सकाळी ६.३०, सातारा

स्टँडबाहेरच्या गाड्यावर चहा. डोळ्यांदेखत उकळलेल्या चहाची धास्ती नसते. बघायचा तो ग्लास. एकाच बादलीत सगळे ग्लास बुचकळणारा गाडा मी टाळतो आणि नळाखाली धुणाऱ्याकडं चार पावलं जास्त चालत जातो.

सकाळी ८

मिसळ. कट पातेल्यात सतत रटरटत असतो, फरसाण कोरडं असतं. प्रश्न असतो कांद्याचा. पहाटे एकदाच चिरून ठेवलेल्या कांद्याला पाणी सुटतं, कडा मऊ पडतात, उग्र वास येतो. मी जातो तिथं मावशी विळीवर बसून गिऱ्हाईक येईल तसा कांदा चिरतात. "मावशी, आधीच चिरून का ठेवत नाही?" असं विचारलं, तर म्हणाल्या, "शिळ्या कांद्यानं मिसळीची चव जाते. मग परत कोण येणार?" कट पुन्हा मागितला तर वेगळे पैसे लावत नाहीत. दुपारपर्यंत भुकेची आठवण होत नाही.

सकाळी १०.३०

दवाखान्यांच्या भेटी. पावसाळ्यात उलटी-जुलाबाचे पेशंट रांगेत असतात. डॉक्टर विचारतात, "काल बाहेर काय खाल्लं?" उत्तरं बहुतेक ठरलेली: चिरून ठेवलेली फळं, ओल्या नारळाची चटणी, बर्फ घातलेलं सरबत. कधीकधी भात. भाताचं नाव ऐकून लोक चकित होतात. पण तांदळातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात. शिजलेला भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात. त्यातून होणारं उलटीचं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. म्हणूनच गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवावं, असं अन्न सुरक्षेचे नियम सांगतात. मधल्या तापमानात अन्न जितका वेळ पडून, तितका धोका जास्त.

दुपारी १.१५, कऱ्हाड

दिवसातलं मुख्य जेवण इथल्या एका खानावळीत. फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं: भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी, आमटी, भात, दही. बस्स. भाकरी मागू तशी थापतात. अडीचच्या सुमारास फळा पुसतात आणि 'जेवण संपले' असं लिहून मोकळे होतात. मला सगळ्यांत मोठा भरवसा त्या दोन शब्दांचा वाटतो. संपलेलं अन्न संध्याकाळच्या ताटात येत नाही. वाया काही जात नाही, म्हणून मालकाला स्वस्तात देणं परवडतं. स्वच्छता आणि किफायत इथं एकाच गोष्टीतून येतात: थोडे पदार्थ आणि भरपूर खप.

याउलट शंभर पदार्थांचं मेनूकार्ड. एवढ्या भाज्या कुणी रोज ताज्या करू शकत नाही. लाल, पांढरी, पिवळी अशा ग्रेव्ह्या आधी करून ठेवतात आणि नावाप्रमाणं पनीर, काजू किंवा कोफ्ता त्यात सोडतात. ग्रेव्ही ताजी आणि नीट थंड ठेवलेली असेल तर त्यात वाईट काही नाही. पण ओस पडलेल्या हॉटेलात तीच ग्रेव्ही कालची की परवाची, हे ताटावर बसून कळत नाही.

बसण्याआधी मी हात धुवायला जातो. बेसिनला पाणी आणि साबण आहे का, हे त्यातच समजतं. गिऱ्हाइकाला साबण नाही, तिथं वाढप्याला कुठून मिळणार? मग फडकं बघतो. या खानावळीत टेबलाचं फडकं वेगळं, ताटं पुसायचं वेगळं, आणि ताटांचं धुऊन दोरीवर वाळत घातलेलं असतं.

दुपारी ४.३०, पेठ नाका

वडा खाण्याआधी कढईत डोकावतो. तेल काळपट झालंय, फेस बसत नाही, मंद आचेवरही धूर येतो, म्हणजे तेच तेल पुन्हापुन्हा तापवलंय. तळणीच्या तेलात वारंवार तापवल्यानं तयार होणारी ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही, असा नियम आहे. वडा वर्तमानपत्रात बांधून घेत नाही. छपाईची शाई तेलाबरोबर वड्याला लागते.

रात्री ८.३०, कोल्हापूर

मटण थाळी. तांबडा-पांढरा रस्सा वाफाळता आणि हवा तितका. ताटाची किंमत मी मटणाच्या फोडींवर जोखतो. नुसत्या नळ्या आणि चरबी असेल तर स्वस्त थाळीही महागच.

बिल वाचल्याशिवाय पैसे देत नाही. त्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक हवा. २०२२ पासून तो बंधनकारक आहे. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के. उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरायच्या कंपोझिशन योजनेतल्या हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. सेवा शुल्क द्यायचं की नाही, हे आपण ठरवायचं.

रात्री १०

लॉजवर खर्चाचा हिशेब लिहितो. दिवसभरात सर्वांत कमी पैशांत सर्वांत निर्धास्त जेवलो ते त्या फळ्याच्या खानावळीत.

अशा खानावळी टिकायच्या तर आपणही काही केलं पाहिजे. जेवण आवडलं तर गल्ल्यावर मालकाला आणि आत भाकरी थापणाऱ्या बाईंना सांगा. साबण नसेल, फडकं घाण असेल, तर तेही तिथंच, शांतपणे आणि स्पष्ट सांगा. सुधारणा झाली नाही तर अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करा. आणि भात कधी शिजवला, कांदा कधी चिरला, हे विचारायला लाजू नका. चांगल्या मालकाला त्या प्रश्नाचा राग येत नाही.