जॉब पडतो तेव्हा

मेनफ्रेमवरची रात्रपाळी म्हणजे रांग सांभाळण्याचं काम. दिवसभरात शाखांमध्ये आणि एटीएमवर झालेले व्यवहार रात्री एकगठ्ठा हिशेबात घेतले जातात. त्याला बॅच म्हणतात. व्याज लागतं, पगार जमा होतात, हप्ते कापले जातात. शेकडो जॉब ठरलेल्या क्रमाने धावतात. एक पडला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे खोळंबतात. हिंजवडीत बसून परदेशातल्या एका बँकेची ही रांग मी बरीच वर्षं सांभाळली.

जॉब मध्येच पडणं याला अबेंड म्हणतात. सगळ्यात जास्त भेटणारा अबेंड म्हणजे ‘सॉक सेव्हन’. जिथे आकडा हवा तिथे प्रोग्रामला भलतंच काही मिळालं, एवढाच त्याचा अर्थ. डंपमधून ऑफसेट काढायचा, कंपाइल लिस्टिंगमध्ये तिथली ओळ गाठायची, मग लाखो रेकॉर्डांतून नेमका रेकॉर्ड हुडकायचा. एका रात्री तो सापडला तेव्हा हेक्समध्ये हप्त्याच्या रकान्यात ओळीने 40, 40, 40 दिसलं. म्हणजे नुसत्या कोऱ्या जागा. ग्राहकांच्या नव्या वेब अर्जात तो रकाना ऐच्छिक केला होता आणि खालच्या, कोबोल भाषेतल्या प्रोग्रामचा विचार कुणी केलाच नव्हता. प्रोग्रामच्या माथ्यावर मात्र 1986 सालची टीप होती, लिहिणाऱ्याच्या आद्याक्षरांसकट: हा रकाना रिकामा येत नाही. आम्ही रेकॉर्ड बाजूला काढला, त्याच स्टेपपासून जॉब पुन्हा लावला आणि शाखा उघडायच्या आत बॅच संपवली.

कायमचा इलाज पाच-सहा ओळींचा होता. तो लेखी सुचवला. उत्तर आलं, यंदा बजेट नाही, शिवाय ही सिस्टिम बदलायचीच आहे. पुढच्या वर्षीही तेच उत्तर. जॉब पुन्हा पडला तेव्हा ब्रिज कॉलवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक फोनवर, वरिष्ठांची गर्दी झाली आणि दर थोड्या वेळाने एकच प्रश्न येत राहिला: किती वेळ लागेल? नंतरच्या आरसीएमध्ये, म्हणजे मूळ कारणाच्या अहवालात, कारण लिहिलं गेलं ‘जुनी प्रणाली’. दुरुस्ती कोणी आणि कधी नाकारली, यासाठी त्या फॉर्मात जागाच नव्हती. याचा मला आजही राग येतो. तो प्रोग्राम जुना होता म्हणून पडला नाही. त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ दिला गेला नाही म्हणून पडला.

एप्रिल 2020 मध्ये न्यू जर्सीत बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला आणि गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल येणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर साद घातली. इथेही साऱ्या जगाने साठ वर्षांच्या भाषेला दोषी ठरवलं. संगणक-इतिहासकार मार हिक्स यांनी पुढे लिहिलं की कोलमडली ती पुढची वेबसाइट. मागचं कोबोल चालू होतं. आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही याचं नवल वाटलं नसेल.

बॅचच कोलमडली तर काय होतं, ते जून 2012 मध्ये ब्रिटनच्या आरबीएस समूहात दिसलं. जॉबचा क्रम लावणारं सॉफ्टवेअर अद्ययावत केलं, अडचण दिसताच ते काढून टाकलं, आणि काढल्यावर काय होईल याची आधी चाचणीच घेतली नाही. रांग तुंबली. 65 लाखांवर ग्राहकांना झळ बसली. समूहातल्या अल्स्टर बँकेचे ग्राहक 10 जुलैपर्यंत अडकून पडले. नियामकांनी 2014 मध्ये एकूण 5 कोटी 60 लाख पौंड दंड ठोठावला. त्याआधी, डिसेंबर 2013 मध्ये पुन्हा सेवा बंद पडली होती, तेव्हा नवे प्रमुख रॉस मॅकइवन यांनी कबूल केलं होतं की बँकेने कित्येक दशकं आपल्या यंत्रणांमध्ये पुरेसा पैसा घातला नाही. इतकं सरळ वाक्य मी एकाही आरसीएत वाचलेलं नाही. पण ती दशकं ज्यांच्या कारकिर्दीत गेली, त्यांची नावं त्या वाक्यात नव्हती.

नाव पुढे आलं ते ब्रिटनच्याच टीएसबी बँकेच्या प्रकरणात. एप्रिल 2018 मध्ये या बँकेने जुन्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर एका झटक्यात स्थलांतर केलं आणि सुमारे 19 लाख ग्राहकांना आपली खाती उघडता येईनात. बँकेला 4 कोटी 86 लाख पौंडांहून जास्त दंड झाला. एप्रिल 2023 मध्ये तिचे माजी माहिती-तंत्रज्ञान प्रमुख कार्लोस अबार्का यांनाही वैयक्तिक 81,620 पौंडांचा दंड झाला. काम करणाऱ्या कंपनीने ‘आम्ही तयार आहोत’ असं कळवलं, त्याची पुरेशी पडताळणी त्यांनी करून घेतली नाही, हा ठपका होता. रात्री जॉब लावणाऱ्या कुणावरही तो ठेवला गेला नाही.