आंतरराष्ट्रीय संबंध विषयाच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी विद्यापीठांची संतुलित यादी : हिंगोली जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या संदर्भात

गोषवारा :
राज्यशास्त्र घेऊन पदवी संपादन करणारा ग्रामीण विद्यार्थी आंतरराष्ट्रीय संबंध या विषयाकडे वळू इच्छितो, तेव्हा बहुधा त्याच्या मनात दिल्लीतील एकाच विद्यापीठाचे नाव असते. तेथे प्रवेश हुकला की त्याचे वर्ष वाया जाते किंवा विषयच सुटतो. प्रस्तुत लेखात अर्ज करावयाच्या विद्यापीठांची यादी कशी तयार करावी, तिचा समतोल कशाच्या आधारे तपासावा आणि त्यात महाविद्यालयीन प्राध्यापकाची भूमिका कोणती, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : आंतरराष्ट्रीय संबंध, पदव्युत्तर प्रवेश, सामायिक प्रवेश परीक्षा, हिंगोली जिल्हा, मराठी माध्यम.

प्रस्तावना :
१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे पाच तालुके असलेला हा जिल्हा १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. येथील कला शाखेचा विद्यार्थी प्रामुख्याने मराठी माध्यमातून शिकतो. पदवीच्या अभ्यासक्रमात आंतरराष्ट्रीय राजकारण व भारताचे परराष्ट्र धोरण हे घटक त्याच्या परिचयाचे होतात. परंतु त्यापुढील शिक्षण कोठे घ्यावे, अर्ज केव्हा व किती ठिकाणी करावेत, याचे मार्गदर्शन त्याला क्वचितच मिळते. महानगरातील विद्यार्थ्याला ही माहिती घरातून वा मित्रवर्तुळातून मिळते. जिल्ह्याच्या ठिकाणी ती देणारी व्यक्ती बहुतेक वेळा महाविद्यालयातील प्राध्यापकच असते.

लेखाची उद्दिष्टे :
१) आंतरराष्ट्रीय संबंध विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या प्रमुख संस्थांचा व तेथील प्रवेशमार्गांचा परिचय करून देणे.
२) संतुलित यादीची संकल्पना स्पष्ट करणे.
३) मराठी माध्यमातील ग्रामीण विद्यार्थ्याच्या विशिष्ट अडचणींचा विचार करून मार्गदर्शनाची दिशा सुचविणे.

विषयाची पार्श्वभूमी :
भारतात या विषयाचे स्वतंत्र अध्यापन स्वातंत्र्योत्तर काळात रुजले. १९५५ मध्ये दिल्लीत इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज ही संस्था सुरू झाली व १९७० मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. कोलकात्यातील जादवपूर विद्यापीठात १९५६ पासून या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. सार्क राष्ट्रांनी मिळून दिल्लीत स्थापन केलेल्या दक्षिण आशियाई विद्यापीठात २०१० पासून अध्यापन सुरू झाले व तेथे हा विषय एम.ए. स्तरावर शिकविला जातो. याशिवाय पुद्दुचेरी विद्यापीठ, गुजरात केंद्रीय विद्यापीठ व केरळ केंद्रीय विद्यापीठ येथे राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध यांचा एकत्रित अभ्यासक्रम आहे. महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग या विषयाशी निकटचा आहे. पुण्यातील सिम्बायोसिससारख्या खाजगी संस्थांतही हा विषय आहे, मात्र त्यांचे शुल्क ग्रामीण कुटुंबाच्या आवाक्यात असेलच असे नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. भारतीय परराष्ट्र सेवेत जाण्यासाठी याच विषयातील पदवी लागते, असे अनेक विद्यार्थी समजतात. वस्तुतः या सेवेतील निवड केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून होते व कोणत्याही शाखेचा पदवीधर तीस पात्र असतो. त्या परीक्षेची मुख्य परीक्षा मराठीतूनही देता येते. म्हणून केवळ परराष्ट्र सेवा हे ध्येय असलेल्या विद्यार्थ्याने या विषयाच्या एम.ए.कडे अपरिहार्य पायरी म्हणून पाहू नये. संशोधन, अध्यापन, पत्रकारिता, धोरण अभ्यास संस्था किंवा आंतरराष्ट्रीय संघटना यांत रस असणाऱ्यांसाठी मात्र हे शिक्षण पायाभूत ठरते.

संतुलित यादी म्हणजे काय :
सामान्यतः अर्जांची यादी तीन स्तरांत विभागली जाते. पहिला स्तर महत्त्वाकांक्षी संस्थांचा, जेथे प्रवेश कठीण परंतु अशक्य नाही. दुसरा स्तर शक्यतेचा, जेथे विद्यार्थ्याची तयारी व संस्थेची अपेक्षा साधारण जुळते. तिसरा स्तर खात्रीचा, जेथे प्रवेश जवळपास निश्चित असतो. ही विभागणी उपयुक्त आहे, परंतु हिंगोलीच्या विद्यार्थ्यासाठी अपुरी आहे. कारण त्याच्यापुढील धोका केवळ गुणवत्तेच्या स्पर्धेचा नसतो. परीक्षेची भाषा, प्रमाणपत्रांचा नमुना, खर्च व निकालाचा विलंब यांपैकी कोणत्याही एका कारणाने त्याचा अर्ज बाद होऊ शकतो. म्हणून यादीचा समतोल संस्थांच्या नावलौकिकावरून न तपासता त्या कोणत्या कारणाने एकाच वेळी निसटू शकतील, यावरून तपासला पाहिजे.

१. प्रवेशद्वारांची विविधता :
२०२२ पासून बहुतेक केंद्रीय विद्यापीठांतील पदव्युत्तर प्रवेश सीयूईटी-पीजी या सामायिक परीक्षेद्वारे होतात. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने जवाहरलाल नेहरू, पुद्दुचेरी, गुजरात व केरळ या चार विद्यापीठांची यादी केली. वरकरणी ही यादी विस्तृत दिसते. तथापि चारही संस्थांचे दार एकच आहे. परीक्षेच्या दिवशी ती आजारी पडली किंवा पेपर अवघड गेला, तर चारही पर्याय एकाच दिवशी संपतात. म्हणून यादीत किमान दोन, शक्यतो तीन भिन्न प्रवेशद्वारे असावीत : सामायिक परीक्षा, स्वतःची प्रवेशप्रक्रिया राबविणारे एखादे विद्यापीठ आणि पदवीच्या गुणांवर प्रवेश देणारी जवळची संस्था.

सामायिक परीक्षेसंबंधी आणखी एक चूक वारंवार घडते. परीक्षेचा अर्ज भरला म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असे विद्यार्थी समजतात. प्रत्यक्षात निकालानंतर प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर स्वतंत्र नोंदणी करावी लागते. चांगले गुण मिळवूनही ही नोंदणी न केल्यामुळे प्रवेश हुकतो. तसेच कोणत्या अभ्यासक्रमासाठी कोणती विषयपत्रिका लागते, हे त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहूनच परीक्षेचा अर्ज भरावा.

२. माध्यमाचा प्रश्न :
पदवी स्तरावरील सीयूईटी मराठीसह १३ भाषांत होते. पदव्युत्तर स्तरावरील परीक्षा मात्र भाषाविषय वगळता साधारणतः इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत असते. मराठीतून तीन वर्षे राज्यशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याला ‘सत्तासंतुलन’ ही संकल्पना पूर्ण अवगत असते, पण तिची इंग्रजी संज्ञा न ओळखल्यामुळे तो प्रश्न चुकतो. अचूक उत्तरास ४ गुण व चुकीच्या उत्तरास १ गुण वजा, या पद्धतीत हा तोटा दुप्पट जाणवतो. म्हणून तयारीचा पहिला टप्पा नवीन अभ्यासाचा नसून संज्ञांच्या भाषांतराचा आहे. ज्यांचे हिंदी वाचन चांगले आहे त्यांनी हिंदी माध्यमाचा पर्याय गंभीरपणे विचारात घ्यावा. देवनागरी लिपी व संस्कृतोद्भव परिभाषा यांमुळे तो मराठी विद्यार्थ्याला जवळचा वाटतो. मात्र प्रवेशानंतरचे अध्यापन व संदर्भसाहित्य प्रामुख्याने इंग्रजीत असते, याची जाणीव त्याला आधीच द्यावी.

३. प्रवर्ग व प्रमाणपत्रे :
केंद्रीय विद्यापीठांतील आरक्षण केंद्राच्या यादीप्रमाणे असते. राज्यातील प्रवर्ग जसेच्या तसे तेथे चालत नाहीत. हिंगोली जिल्ह्यात याचे महत्त्व विशेष आहे. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या प्रवर्गात व धनगर समाज भटक्या जमातींच्या प्रवर्गात आहे, परंतु केंद्राच्या यादीत दोन्ही इतर मागासवर्गात मोडतात. त्यासाठी केंद्रीय नमुन्यातील जातीचे व उन्नत गटात न मोडण्याचे प्रमाणपत्र लागते. राज्याचा सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग केंद्रीय संस्थांत लागू नाही. ज्या विद्यार्थ्यांचा समाज केंद्राच्या कोणत्याही आरक्षित यादीत नाही, त्यांनी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या निकषांत आपण बसतो का, हे पाहावे. अनुसूचित जाती व जमातींच्या याद्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ठरत असल्याने त्यांत असा फरक पडत नाही.

आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र आर्थिक वर्षाशी निगडित असते. जानेवारीत अर्ज भरताना काढलेले प्रमाणपत्र जुलैतील प्रवेशावेळी कालबाह्य ठरू शकते. १ एप्रिलनंतर तहसील कार्यालयातून नवे प्रमाणपत्र काढणे, ही साधी गोष्ट वेळेत सांगितली तर एक जागा वाचते. याशिवाय जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने मागास जिल्ह्यांतील उमेदवारांना अधिक गुण देण्याची पद्धत दीर्घकाळ वापरली आहे. चालू वर्षी ती लागू आहे का व जिल्ह्यांच्या यादीत हिंगोली आहे का, हे माहितीपत्रकात अवश्य तपासावे.

४. खर्च व अंतर :
केंद्रीय विद्यापीठांचे शुल्क तुलनेने कमी असले तरी वसतिगृह न मिळाल्यास महानगरातील राहण्याचा खर्च शुल्काच्या कितीतरी पट होतो. म्हणून यादीतील प्रत्येक नावासमोर शुल्काबरोबर वसतिगृहाची शक्यता व प्रवासखर्च लिहिला जावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदाराशिवाय शैक्षणिक कर्जाची तरतूद आहे. विद्यार्थ्याच्या यादीतील संस्था त्या योजनेत आहे का, हेही निवडीचा एक निकष ठरावे.

परदेशी विद्यापीठांचा विचार करताना क्रम उलटा असावा, आधी शिष्यवृत्ती व नंतर विद्यापीठ. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे व इतर प्रवर्गांसाठीही स्वतंत्र योजना आहेत. त्यांत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट महत्त्वाची असते. क्रमवारीबाहेरील विद्यापीठात प्रवेश मिळूनही शिष्यवृत्ती मिळत नाही. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, त्यामुळे ती पदवीनंतर लगेच नव्हे तर पुढच्या टप्प्यावर विचारात घ्यावी.

५. पदवीचे नाव व पुढील वाट :
प्राध्यापक होऊ इच्छिणाऱ्याने पदवीच्या नावाकडे लक्ष द्यावे. नेट परीक्षेत राज्यशास्त्र हा एक विषय असून आंतरराष्ट्रीय संबंध, संरक्षण व क्षेत्रीय अभ्यास यांचा समावेश असलेला दुसरा स्वतंत्र विषयही आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत बहुतांश पदे राज्यशास्त्राची असतात. त्यामुळे ‘राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध’ अशा जोडनावाची पदवी अनेकदा अधिक सोयीची ठरते. राज्याची सेट परीक्षा मराठीतूनही देता येते, हेही लक्षात ठेवावे.

उद्देशपत्र व स्थानिक संदर्भ :
काही संस्था, विशेषतः खाजगी व परदेशी, अर्जासोबत उद्देशपत्र मागतात. ‘लहानपणापासून जगाविषयी कुतूहल होते’ या धर्तीची वाक्ये सर्वांचीच असतात. हिंगोलीच्या विद्यार्थ्याजवळ याहून सकस सामग्री आहे. हा प्रदेश पूर्वीच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. त्या संस्थानाने ऑगस्ट १९४८ मध्ये आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे नेली होती. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मराठवाडा मुक्त झाला. १७ सप्टेंबरचा जो ध्वजवंदनाचा कार्यक्रम विद्यार्थी दरवर्षी अनुभवतो, त्यामागे सार्वभौमत्व व आंतरराष्ट्रीय संघटना यांचा जिवंत धडा आहे. औंढा नागनाथ तालुक्यात उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी वेधशाळेसाठी भारत व अमेरिका यांच्यात मार्च २०१६ मध्ये सामंजस्य करार झाला आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. विज्ञानविषयक राजनय समजून घेण्यासाठी याहून जवळचे उदाहरण नाही. वसमतच्या हळदीचा बाजारही निर्यातधोरणाशी जोडलेला आहे. आपल्या गावातून जग कसे दिसते हे लिहिणारा अर्जदार सहज लक्षात राहतो.

एक नमुना यादी :
मराठी माध्यमातील, पदवीला मध्यम प्रथम श्रेणी असलेली, मर्यादित उत्पन्नाच्या शेतकरी कुटुंबातील सेनगाव तालुक्यातील विद्यार्थिनी कल्पिली, तर तिच्यासाठी सहा अर्जांची यादी पुढीलप्रमाणे होऊ शकेल. महत्त्वाकांक्षी स्तरावर जवाहरलाल नेहरू विद्यापीठ (सामायिक परीक्षा) व दक्षिण आशियाई विद्यापीठ (स्वतंत्र प्रवेशप्रक्रिया). शक्यतेच्या स्तरावर गुजरात व पुद्दुचेरी ही विद्यापीठे (सामायिक परीक्षा) आणि पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग (विद्यापीठाची स्वतंत्र प्रक्रिया). खात्रीच्या स्तरावर नांदेड विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील राज्यशास्त्राचे एम.ए. सामायिक परीक्षा पूर्ण फसली तरी या यादीत तीन पर्याय उरतात.

खात्रीच्या पर्यायाबाबत विशेष दक्षता हवी. ज्या ठिकाणी विद्यार्थिनी मनापासून जाण्यास तयार नाही, ते नाव यादीत असूनही नसल्यासारखेच आहे. अनेक घरांत मुलीला शिक्षणासाठी एकच वर्ष ‘वाट पाहण्याची’ मुभा असते, तीही नेहमी नसते. पहिल्या दोन स्तरांवर यश न आल्यास नांदेड वा परभणीत राज्यशास्त्र शिकताना आंतरराष्ट्रीय संबंधांचे ऐच्छिक पेपर निवडून पुढील वर्षी पुन्हा परीक्षा देता येते. शिक्षण खंडित न होणे हीच त्या पर्यायाची खरी किंमत आहे.

निष्कर्ष :
१) यादीचा समतोल संस्थांच्या संख्येवर नव्हे, प्रवेशद्वारांच्या विविधतेवर अवलंबून असतो.
२) ग्रामीण विद्यार्थ्याचा प्रवेश गुणवत्तेअभावी हुकतो तसाच माध्यम, प्रमाणपत्र व वेळापत्रक यांच्या अज्ञानामुळेही हुकतो. ही कारणे मार्गदर्शनाने दूर करता येण्यासारखी आहेत.
३) खात्रीचा पर्याय सन्मानाने स्वीकारता येईल असा असेल तरच यादी पूर्ण होते.

सूचना :
१) पदवीच्या अंतिम वर्षाच्या प्रारंभीच, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, राज्यशास्त्र विभागाने इच्छुक विद्यार्थ्यांची बैठक घ्यावी. २०२५ ची सीयूईटी-पीजी मार्च-एप्रिलमध्ये झाली. त्यामुळे अंतिम निकालाची वाट पाहून विचार सुरू केल्यास उशीर होतो.
२) विभागाने मराठी-हिंदी-इंग्रजी अशी त्रैभाषिक संज्ञासूची तयार करून वर्गात वापरावी.
३) अर्जाच्या तारखा व प्रमाणपत्रांचे नमुने सूचनाफलकावर लावावेत.
४) शिफारसपत्र देताना ठरावीक मजकूर न देता विद्यार्थ्याचे प्रत्यक्ष काम नमूद करावे.
५) बाहेर प्रवेश मिळविलेल्या माजी विद्यार्थ्यांचा संपर्क विभागाकडे असावा, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याला दिल्ली वा पुद्दुचेरीच्या स्थानकावर उतरल्यावर विचारण्यासाठी किमान एक ओळखीचे नाव असेल.