तुकोबांच्या सेतूवरून
जुन्नर तालुक्यातील पारगावाच्या शेजारी आळे हे गाव आहे. ज्ञानेश्वर माउलींनी ज्याच्या मुखी वेद वदविले, त्या रेड्याची समाधी तेथे आहे, अशी भाविकांची श्रद्धा. आळेफाट्यावरून पूर्वेस निघालेला रस्ता नगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पोहोचतो. त्याच नगरात माउलींच्या मराठीतून ख्रिस्ताची भक्ती गाणारे एक कुटुंब नांदून गेले. आज नाताळाच्या दिवशी आम्ही त्याचे स्मरण करीत आहोत.

‘फुलामुलांचे कवी’ नारायण वामन टिळक हे कोकणातील ब्राह्मण. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. कुंकवाचा धनी हयात, पण संसार मोडलेला. पदरी लहानगा दत्तू! काही वर्षे विरहात गेली. पुढे त्या पतीच्या गावी आल्या, त्याही आपले सोवळे सांभाळूनच. हळूहळू त्यांच्या मनाने घेतले, की जातिभेद देवाने नव्हे, माणसाने निर्माण केला. कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा त्यांनी निश्चय केला आणि १९०० साली स्वतःही बाप्तिस्मा घेतला.

टिळकांचा धर्म पालटला, परंतु अभंग व कीर्तन सुटले नाही. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. त्यांच्या भजनांनी मराठी ख्रिस्ती उपासनेस आपल्या मातीचा सूर दिला. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ तर १६१६ सालीच गोमंतकात प्रसिद्ध झाले होते. १९१९ साली टिळक निवर्तले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ज्या पत्नीस त्यांनी अक्षरओळख करून दिली, तिनेच ते पूर्ण केले.

लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. विजया मेहता यांनी पुढे त्यांवर चित्रपटही केला. स्वतःच्या दुःखावरही हसणारी ही ख्रिस्ती माउली अशा रीतीने हिंदू घराघरांत पोहोचली व आपलीच झाली.

आपल्याही घरातील एखादे माणूस उद्या निराळ्या वाटेने देवाकडे निघाले, तर राग येईल, डोळेही भरतील. तथापि दाराची कडी मात्र आतून लावू नये. वाट निराळी झाली म्हणून नाते तुटत नाही, हेच या संसाराने आम्हांस शिकविले.