दात आहेत तोवर चणे खा!

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही आपली जुनी रड. चण्यांचं तुम्ही बघा, दातांचं आम्ही बघतो! बत्तिशीचे भन्नाट फॅक्ट्स, एका दमात. रेडी?

नो रिफंड, नो एक्स्चेंज
शरीरातली सगळ्यात टणक वस्तू कोणती, माहीत आहे का? हाड? छे! दातावरचं इनॅमल. जवळपास 96 टक्के खनिजच. पण गोची अशी, की त्यात जिवंत पेशीच नाहीत. मोडलेलं हाड जुळून येतं. इनॅमल झडलं की झडलं!

232 नॉट आउट? आउट!
2014 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात एका 17 वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून डॉक्टरांनी 232 दात काढले. जबड्यात ओडोन्टोमा नावाची गाठ होती, तिच्यात दातांसारखे तुकडे तयार होत राहिले. तुम्हा-आम्हाला मात्र बत्तीसवरच भागवायचंय, तेव्हा जपा!

तोंडातली जनगणना
1683 मध्ये हॉलंडच्या लेवेनहूकनं स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बघतो तर काय, वळवळणाऱ्या जीवांची जत्रा! गंमत म्हणजे गडी रोज मिठानं दात घासायचा. तरीही आपल्या देशात माणसं नसतील एवढी जनता आपल्या तोंडात राहते, असा हिशेब त्यानं मांडला.

व्हिलनची एंट्री
त्या गर्दीतला नामचीन गुंड म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स. साखर खातो, ॲसिड सोडतो. तोंडातला पीएच साधारण 5.5 च्या खाली घसरला की इनॅमल विरघळायला लागतं. मग लाळ धावून येते, पण रिपेअरिंगला तिला अर्धा तास तरी हवा. तुम्ही दर तासाला चहा-बिस्कीट घेत राहिलात, तर बिचारीनं काम करायचं कधी? म्हणून दोन लाडू खायचेत ना? जेवणासोबतच उरका. (हे दातांपुरतं हं! शुगरच्या रिपोर्टचं आम्हाला विचारू नका.)

टॉफीची कडू गोष्ट
1940 च्या दशकात स्वीडनमधल्या विपेहोल्म संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या चारल्या गेल्या, दात किडतात का ते बघायला. किडले, भयंकर किडले. त्या रुग्णांची संमती कुणी घेतली नव्हती. प्रयोग लाजिरवाणा, पण निष्कर्ष पक्का: जेवणाच्या मधल्या वेळेत खाल्लेलं चिकट गोड सगळ्यात वाईट. स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या-चॉकलेटं फक्त शनिवारी द्यायची पद्धत रुळली, त्यामागे हेच. आता लोणावळ्याची चिक्की आठवा. तुकडा संपतो, पण दाढेच्या खाचेत गुळाचा चिवट कण बसतो आणि जीभ तासभर त्याच्याशी कुस्ती खेळते. पाणी प्या, ब्रश फिरवा, कुस्ती निकाली!

बाराच्या भावात बारा जण
हिरडीतून रक्त आलं की तुम्ही ब्रश बंद करता? थांबा! 1965 मध्ये डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात 12 जणांनी दात घासणं पूर्ण सोडलं. 10 ते 21 दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागले, आणि साधारण आठवड्याभरात गाडी रुळावर! मतलब, रक्त येतंय म्हणजे सफाई कमी पडतेय. सॉफ्ट ब्रश, हिरडीच्या कडेला 45 अंशात तिरका, दोन मिनिटं, हलक्या हातानं. मात्र थर दगडासारखा कडक झाला, की घरचे उपाय ऑल आउट. मग डेंटिस्टकडे स्केलिंगच.

डुकराची कृपा
1938 मध्ये नायलॉनचा ब्रश अमेरिकेच्या बाजारात आला. त्याआधी ब्रशला काय असायचं, माहीत आहे का? डुकराचे राठ केस! शाकाहारी मंडळी, आता श्वास सोडा. आणि दर तीन महिन्यांनी ब्रशही सोडा.

कोरा, बिनधास्त कोरा
दात कोरून पोट भरत नाही, कबूल. पण दाताच्या पाच बाजूंपैकी दोन शेजारच्या दातांना चिकटलेल्या असतात आणि तिथं ब्रशची डाळ शिजत नाही. तिथं फ्लॉस! न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य लेव्ही पार्मली दोनशे वर्षांपूर्वीच रेशमी दोऱ्याचा सल्ला देत होते. टाचणी आणि सेफ्टीपिन मात्र शिवणाच्या डब्यातच बऱ्या.

जाहिरातीतली लाट
ब्रशवर पेस्टची ती झोकदार लाट असते ना? तिच्या आकारावरून 2010 मध्ये अमेरिकेत दोन बड्या कंपन्या कोर्टात गेल्या! तीन ते सहा वर्षांच्या पोरांना मात्र लाट नको, वाटाण्याएवढी पेस्ट बास. त्याहून लहानग्यांना तांदळाच्या दाण्याएवढी.

व्हॉट्सॲप युनिव्हर्सिटी, नापास!
ट्यूबच्या खालच्या टोकाला हिरवी पट्टी म्हणजे नॅचरल, काळी म्हणजे केमिकल? साफ खोटं. ती खूण पॅकिंगच्या मशीनसाठी असते: ट्यूब कुठे कापायची, कुठे चिकटवायची. पट्टी सोडा, लेबल वाचा. फ्लोराइड आहे का, ते बघा.

मशेरी? नको गं बाई!
भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावायची सवय आपल्याकडे अजून आहे. दंतमंजन आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला भारत सरकारनं 1992 मध्येच बंदी केली. मशेरीनं दात घासले जात नाहीत, व्यसन घासूनपुसून पक्कं होतं.

थुंका, पण खळखळू नका
अंतराळवीर पेस्ट एकतर गिळतात, नाहीतर टॉवेलमध्ये थुंकतात. तुमच्याकडे बेसिन आहे, चैन आहे! फक्त थुंकल्यावर लगेच खळखळून चुळा भरू नका. फ्लोराइड दातांवर थोडा वेळ राहू दे, त्याचंच तर काम आहे.

नाइट शिफ्ट
झोपेत लाळ जवळजवळ सुट्टीवर जाते, म्हणून रात्री जंतूंची चंगळ. ब्रश दोन्ही वेळा हवाच. पण कंटाळा करायचाच झाला, तर सकाळी करा. रात्री अजिबात नाही!