प्रतिकृती रेल्वे

एंजिने, डबे, रूळ, स्थानके, सिग्नल, पूल, बोगदे इत्यादींच्या ठराविक प्रमाणात लहान केलेल्या प्रतिकृती तयार करण्याचा, त्या चालविण्याचा व जमविण्याचा छंद. खेळण्यातील आगगाडी व प्रतिकृती रेल्वे यांत फरक केला जातो. खेळण्यातील गाडी खऱ्या गाडीची आठवण करून देते, एवढे पुरते; प्रतिकृतीत मात्र प्रत्येक भाग मूळ वस्तूच्या एकाच पटीत लहान केलेला असावा, अशी अपेक्षा असते. ती पुरी करणे वाटते तितके सोपे नाही. बाजारात तयार मिळणारे रूळ मोजक्याच मापांचे असतात, तर जगातील लोहमार्गांची मापे अनेक आहेत. आयर्लंड, भारत यांसारख्या ज्या देशांतील मुख्य लोहमार्ग युरोपातील प्रचलित मापापेक्षा रुंद आहेत, तेथील हौशी मंडळींना ही अडचण विशेष भासते. सोलापूर जिल्ह्यात एकेकाळी तीन मापांचे लोहमार्ग चालू होते. त्यामुळे ही अडचण आणि तिच्यावरील तोडगे समजून घेण्यास तो परिसर फार सोयीचा आहे.

इतिहास : पत्र्याच्या व लाकडाच्या खेळण्यातील आगगाड्या एकोणिसाव्या शतकात, खऱ्या रेल्वेपाठोपाठच प्रचारात आल्या. परंतु एका कारखान्याची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर चालत नसे. जर्मनीतील मेर्कलीन या कंपनीने १८९१ मध्ये लाइपसिकच्या जत्रेत क्रमांकांनी ओळखली जाणारी ठराविक मापे मांडली आणि पुढे सुटे रूळ व डबे हळूहळू वाढवीत नेण्याची पद्धत रूढ झाली. इंग्लंडमध्ये मेकॅनो या सुट्या भागांच्या खेळण्याचे जनक फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीने १९२० मध्ये आगगाड्या विकण्यास सुरुवात केली. त्या काळी ‘ओ’ हे ३२ मिमी. रुंदीचे माप लोकप्रिय होते. परंतु त्याला मोठी खोली लागे. म्हणून त्याच्या सुमारे निम्मे, १६·५ मिमी. रुंदीचे रूळ १९२० ते १९४० च्या दरम्यान पुढे आले व आजही जगात तेच सर्वांत अधिक खपतात. १९६० नंतर जर्मनीत ९ मिमी. रुंदीचे ‘एन’ माप प्रचारात आले. १९७२ मध्ये मेर्कलीन कंपनीने ६·५ मिमी. रुंदीचे ‘झेड’ माप बाजारात आणले.

प्रमाण व माप : मूळ वस्तू किती पटींनी लहान केली ते ‘प्रमाण’ आणि दोन रुळांच्या आतील कडांमधील अंतर ते ‘माप’. या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. १६·५ मिमी. रुंदीचे रूळ ‘एचओ’ पद्धतीत १:८७ या प्रमाणासाठी वापरतात. या प्रमाणात मुळातील एक फूट म्हणजे ३·५ मिमी., आणि युरोपातील १,४३५ मिमी.चा मार्ग बरोबर १६·५ मिमी. होतो. ब्रिटिश एंजिने मात्र युरोपीय एंजिनांपेक्षा अंगाने लहान असल्यामुळे १:८७ च्या सांगाड्यात त्या काळच्या विद्युत् चलित्रांना जागा पुरेना. तेव्हा तेथील उत्पादकांनी सांगाडा फुटास ४ मिमी. या प्रमाणात मोठा केला आणि रूळ मात्र तेच ठेवले. ही ‘ओओ’ पद्धत. तिच्यातील प्रत्येक गाडी मुळापेक्षा अरुंद मार्गावर उभी असते. व्यापाराच्या सोयीने केलेली ही तडजोड ब्रिटनमध्ये इतकी मुरली की, काटेकोर प्रमाणाचा आग्रह धरणाऱ्यांना स्वतःचे रूळ स्वतः घडवावे लागले.

आयर्लंडमध्ये हा दोष आणखी वाढतो. तेथील पहिला लोहमार्ग (१८३४) १,४३५ मिमी. रुंदीचा होता, नंतरच्या कंपन्यांनी ६ फूट २ इंच व ५ फूट २ इंच अशी निरनिराळी मापे घेतली. हा गोंधळ मिटविण्यासाठी अखेर ५ फूट ३ इंच, म्हणजे १,६०० मिमी., हे माप ठरविण्यात आले व १८४६ च्या कायद्याने ते पक्के झाले. आयर्लंडखेरीज ते मुख्यतः ऑस्ट्रेलिया व ब्राझील येथेच आढळते. फुटास ४ मिमी. या प्रमाणात आयरिश मार्ग बरोबर २१ मिमी. रुंद व्हावयास हवा. तयार रूळ १६·५ मिमी.चे. त्यामुळे बहुसंख्य आयरिश हौशी मंडळी रंग, आकार व डब्यांची रचना अचूक राखून मार्गाच्या रुंदीकडे डोळेझाक करतात. थोडे जण मात्र आस, चौकटी व सांधे हाताने करून २१ मिमी.चा मार्ग टाकतात.

भारताची स्थिती याच जातीची, पण अधिक बिकट आहे. लॉर्ड डलहौसी यांचा कल ६ फुटी मार्गाकडे होता, अखेर ५ फूट ६ इंच (१,६७६ मिमी.) हे माप मुक्रर झाले. एचओ प्रमाणात ते १९·२५ मिमी. भरते. ओओ प्रमाणात ते २२ मिमी. होते, म्हणजे बाजारातील रूळ बरोबर एक-चतुर्थांशाने अरुंद पडतात. समोरून पाहिले असता अशी गाडी पाय जवळ घेऊन उभ्या असलेल्या लठ्ठ माणसासारखी दिसते. बाजूने पाहताना मात्र हा दोष लक्षातही येत नाही, आणि बहुतेक प्रदर्शनांत प्रेक्षक बाजूनेच पाहतो.

सोलापूर परिसर : ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रुंदमापी मार्ग १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचला व १८७१ मध्ये रायचूर येथे मद्रासकडील मार्गाशी जोडला गेला. सोलापूरनजीकच्या होटगीपासून विजापूरवरून गदगकडे जाणारा मार्ग मीटरमापी होता. तिसरा मार्ग अरुंदमापी, बार्शी लाइट रेल्वेचा. २ फूट ६ इंच (७६२ मिमी.) रुंदीचा हा मार्ग १८९७ मध्ये कुर्डुवाडी (तत्कालीन बार्शी रोड) ते बार्शी असा सुमारे ३४ किमी. सुरू झाला, १९०६ च्या सुमारास तो पंढरपुरास, नंतर लातूरला व १९२७ मध्ये मिरजेस गेला. त्याची एकूण लांबी सु. ३२५ किमी. झाली. १९५४ मध्ये तो सरकारने विकत घेतला व मध्य रेल्वेत सामील केला.

या तिन्ही मार्गांची प्रतिकृती एकाच प्रमाणात करावयाची म्हटली, तर एक विलक्षण गोष्ट दिसून येते. १:८७ या प्रमाणात रुंदमापी मार्गास १९·२५ मिमी. हवे, ते तयार मिळत नाही. मीटरमापी मार्गास सु. ११·५ मिमी. हवे, त्यास १२ मिमी.चे रूळ चालतात. बार्शीच्या मार्गास ८·७५ मिमी. हवे, आणि एन पद्धतीचे ९ मिमी.चे रूळ जगभर मिळतात. फरक केवळ पाव मिलिमीटरचा, डोळ्यांना न जाणवणारा. अर्थात देशाचा मुख्य मार्ग प्रतिकृतीत अचूक बसत नाही. आडवाटेची छोटी गाडी मात्र जवळजवळ बिनचूक बसते. युरोपातही ७६० मिमी.च्या डोंगरी मार्गांच्या प्रतिकृती याच रुळांवर चालवितात.

बार्शी लाइट रेल्वेचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) हे काटकसरीने पण शास्त्रशुद्ध अरुंदमापी मार्ग कसा बांधावा, यावर निश्चित मते असलेले गृहस्थ होते. (पुढे विमानातून उतरण्याच्या हवाई छत्रीच्या निर्मितीतही त्यांनी नाव मिळविले.) कोणत्याही वाहनाच्या एका आसावर ५ टनांपेक्षा अधिक भार पडू नये, हे त्यांचे मूलसूत्र. त्यामुळे हलके रूळ पुरले आणि एंजिनाचे वजन अनेक चाकांवर वाटले गेले. लीड्स येथील किट्सन कंपनीने बांधलेल्या ‘ए’ वर्गाच्या टाकीयुक्त एंजिनांना आठ जोडचाके व मागे चार आधारचाके होती. म्हणजे सहा आसांवर मिळून वजन ३० टनांच्या आत. भारतात पाठविण्यापूर्वी ही सामग्री लीड्सजवळ न्यूले येथे खास टाकलेल्या मार्गावर चालवून पाहण्यात आली होती. सर्व मालवाहू वाघिणींसाठी २५ फूट लांब व ७ फूट रुंद असा दाबीव पोलादाचा एकच सांगाडा ठरविण्यात आला. प्रवासी डबे ४० फुटी होते.

कॅलथ्रॉप यांनी कारखान्यातील खर्च वाचविण्यासाठी केलेले हे प्रमाणीकरण प्रतिकृतिकाराच्या पथ्यावर पडते. ८७·५ मिमी. लांब व २४·५ मिमी. रुंद असा एकच सांगाडा एकदा नीट साधला, की त्यावर उघडी, झाकलेली, कठड्याची अशी हवी ती वाघीण उभी करता येते. डब्यासाठी १४० मिमी.चा दुसरा सांगाडा पुरतो. कॅलथ्रॉप यांनीच पुढे इंग्लंडमध्ये उभारलेली, याच मापाची लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे १९०४ मध्ये सुरू होऊन १९३४ मध्ये बंद पडली. इंग्लंडमधील हौशी प्रतिकृतिकारांचा तो एक आवडता विषय आहे. तिची थोरली बहीण असलेल्या, दहापटींहून अधिक लांबीच्या आणि कितीतरी अधिक काळ चाललेल्या बार्शी मार्गाच्या वाट्याला मात्र तेवढे लक्ष आलेले नाही.

बांधणी : दृश्याची निवड ही पहिली पायरी. कुर्डुवाडी ते बार्शी हे अंतर १:८७ प्रमाणात सु. ३९० मी. होते, एवढी जागा कोणाच्याही घरात नसते. म्हणून महत्त्वाची ठिकाणे ठेवून मधला भाग गाळतात. या दृष्टीने कुर्डुवाडीचे आवार हे उत्तम दृश्य होय : एका बाजूस रुंदमापी मार्ग, दुसऱ्या बाजूस अरुंदमापी, मध्ये माल एका गाडीतून दुसरीत चढविण्याचा फलाट, कपाशीच्या गासड्या व तेलबियांची पोती आणि पलीकडे कारखाना. आषाढी-कार्तिकीस पंढरपूरकडे निघालेल्या वारकऱ्यांनी भरलेली गाडी दाखवावयाची, तर दोन-दोन सेंमी. उंचीच्या माणसांची शेकड्यांनी निर्मिती करावी लागते, आणि परदेशी कारखान्यांची टोपी-कोटातील माणसे तेथे उपयोगी पडत नाहीत.

बार्शीच्या एंजिनाची प्रतिकृती करणारा पितळी पत्रा कापून व डाखून सांगाडा तयार करतो. अलीकडे त्रिमितीय मुद्रणानेही सांगाडे काढता येतात. यंत्रणेसाठी एन मापाच्या तयार एंजिनाचे चलित्र वापरण्याची रीत आहे. येथे भूमितीचा एक नियम आडवा येतो. लांबी ८७ पटींनी कमी केली की घनफळ व वजन ८७ च्या घनाने, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटींनी, घटते. ३० टनांचे एंजिन या हिशेबाने अवघे ४५ ग्रॅमचे होते. एवढ्या हलक्या एंजिनाची रुळांवर पुरेशी पकड बसत नाही व विद्युत् संपर्कही तुटतो. म्हणून मोकळ्या जागेत शिसे भरतात. वेग मात्र प्रमाणातच ठेवावा लागतो. ताशी ३० किमी. म्हणजे प्रतिकृतीत सेकंदाला सु. १० सेंमी. नवशिक्याचा हात नेहमी याहून वेगाने गाडी पळवितो आणि सारा आभास तेथेच मोडतो. पूर्वी १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह कमी-अधिक करून वेग साधत. १९९० नंतर प्रत्येक एंजिनास स्वतंत्र सांकेतिक आज्ञा देणारी अंकीय नियंत्रण पद्धती रूढ झाली.

सोलापूरसारख्या कोरड्या, उष्ण हवेचा या कामावर परिणाम होतो. हिवाळ्यातील पहाट व मे महिन्यातील दुपार यांत २५° ते ३०° से.चा फरक सहज पडतो. तेवढ्याने ५ मी. लांबीचा निकेल-रजताचा रूळ सु. २ मिमी.ने वाढतो, खऱ्या मार्गाप्रमाणेच येथेही सांध्यांत फट ठेवली नाही, तर रूळ वाकतो. लाकडी पाटही आक्रसतो. धूळ ही त्याहून मोठी शत्रू, कारण रुळावरील तिचा पातळ थर प्रवाह अडवितो. पत्र्याच्या छपराखालील खोली या छंदास अजिबात योग्य नाही.

याहून कठीण अडचण माहितीची आहे. बार्शी मार्गावरील अरुंदमापी गाड्या एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने बंद झाल्या व मार्ग रुंदमापी झाला. त्याच सुमारास होटगी–गदग मार्गाचेही रुंदीकरण पुरे झाले. प्रवाशांची व मालाची त्यामुळे मोठी सोय झाली. गाडी बदलण्याचा व माल उतरवून चढविण्याचा जाच संपला. परंतु मार्ग उखडला की त्याच्याबरोबर स्थानकाची दगडी इमारत, पाण्याचा नळखांब, सांध्याची तरफ, डब्याच्या दाराची कडी अशा हजार बारीक गोष्टी जातात. एंजिनांची मुख्य परिमाणे ग्रंथांत सापडतात. पण छपराचा रंग, अक्षरांची जागा, फलाटाची उंची या गोष्टी कोणी जागेवर मोजल्या व नोंदल्या असतील, तरच मिळतात. प्रतिकृतिकार जुनी छायाचित्रे ताडून, चाकाचा ज्ञात व्यास हीच मोजपट्टी धरून, बाकीची मापे काढतो. अशी काळजीपूर्वक केलेली प्रतिकृती नष्ट झालेल्या मार्गाचा दस्तऐवज ठरू शकते. अंदाजाने केलेली प्रतिकृती कितीही देखणी असली, तरी त्या कामाची नसते.

संग्रह : काही जण गाड्या बांधीत वा चालवीत नाहीत, केवळ जमवितात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या पत्र्याच्या गाड्यांना मूळ रंग व मूळ खोका शाबूत असल्यास अधिक किंमत येते. नव्याने रंगविलेल्या गाडीचे मोल उतरते. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग, शिशासारखी अशुद्धी त्यात राहिली असल्यास, काही दशकांनी फुगून तडकतात; त्यावर उपाय नाही. भारतात स्वातंत्र्योत्तर काळात चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळे हा छंद दीर्घकाळ थोड्यांपुरताच राहिला.

मोठ्या खासगी संग्रहांचे भवितव्य संग्राहकाच्या मृत्यूनंतर अनिश्चित असते. डब्लिनमधील इंचिकोर येथील रेल्वे कारखान्यात काम केलेल्या सिरिल फ्राय यांनी अनेक दशके खपून आयरिश रेल्वेच्या ओ मापाच्या प्रतिकृतींचा संग्रह केला. १९७२ मध्ये ते वारल्यानंतर तो सार्वजनिक झाला, १९८८ पासून मॅलाहाइड किल्ल्याच्या आवारात मांडला गेला, २०१० मध्ये तेथून हलविण्यात आला व दहा वर्षांनी त्याच गावात वेगळ्या संग्रहालयात पुन्हा उघडला. महाराष्ट्रात पुणे येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले प्रतिकृती रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून कोथरूड भागात चालू आहे. सिग्नल, पूल, दिवे व वस्ती यांसह एकाच मांडणीत अनेक प्रकारच्या गाड्या तेथे चालवून दाखवितात.