पिकअपच्या मागे मिक्सर जोडताना : पाटे, तरफ आणि पुढची चाकं

आजचा धडा एका माजी विद्यार्थ्याच्या प्रश्नावरून सुचला. तो स्लॅबची कामं घेतो. पिकअपच्या हौद्यात सेंट्रिंगचं सामान आणि मागे हुकाला काँक्रीटचा मिक्सर. त्याने विचारलं, "सर, मिक्सर जोडला की गाडी मागून बसते. मागे दोन पाटे जादा टाकले की झालं ना?"

गॅरेजमध्ये बहुतेक ठिकाणी "हो, टाकून घे" असंच उत्तर मिळेल. ते अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यात धोका आहे, म्हणून जरा सविस्तर पाहू. नववी-दहावीचं विज्ञान पुरेसं आहे.

आधी एक आकडेमोड करूया. समजा, मिक्सर 1000 किलोचा आहे. त्याचं बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं, पण थोडं वजन दांड्यातून गाडीच्या हुकावर येतं. ते 100 किलो धरा. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर 3 मीटर, आणि हुक मागच्या ॲक्सलच्या 1.2 मीटर मागे आहे असं समजू.

आता सांगा, मागच्या चाकांवर किती वजन वाढलं? वर्गात विचारलं की सगळे 100 म्हणतात. उत्तर आहे 140.

कसं ते बघा. मागचा ॲक्सल हा टेकू आहे आणि गाडी म्हणजे तरफ. हुकावरचं 100 किलो टेकूच्या मागे 1.2 मीटरवर खाली दाबतं, म्हणजे गुणाकार 120. हा तोल सांभाळायला पुढच्या बाजूला 3 मीटरवर 120 भागिले 3, म्हणजे 40 किलो उचललं जातं. पुढच्या चाकांवरचे हे 40 किलो कमी होऊन मागे जातात. 100 अधिक 40, झाले 140. लहानपणी सी-सॉवर बसलेल्या कोणालाही हे पटेल.

आपण मागची बसलेली बाजू बघतो, कारण ती दिसते. पुढची हलकी झालेली चाकं दिसत नाहीत. पण स्टिअरिंग पुढच्या चाकांना आहे, आणि ब्रेक मारल्यावर जास्त काम पुढचीच चाकं करतात. ओल्या रस्त्यावर, वळणावर ती हलकी असणं चांगलं नाही.

आता पाट्यांकडे येऊ. रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने 1678 साली स्प्रिंगचा नियम प्रसिद्ध केला: जितकं बल, तितका ताण. दुप्पट वजन टाकलं की स्प्रिंग दुप्पट दबते. समजा, मागचे दोन्ही बाजूंचे पाटे मिळून 1 मिलिमीटर दबायला 6 किलो वजन लागतं. मग 140 किलोला गाडी मागून साधारण 23 मिलिमीटर बसेल. पुढे 40 किलो कमी झाल्याने नाक समजा 8 मिलिमीटर उचललं. एकूण फरक 31 मिलिमीटर. एवढ्याने काय होतंय? हेडलाइटचं गणित करा. 3 मीटरमध्ये 31 मिलिमीटर, तर 50 मीटरवर उजेडाचा झोत अर्ध्या मीटरहून थोडा जास्त वर जातो. म्हणजे समोरच्या मोटारसायकलवाल्याच्या थेट डोळ्यात. हौद्यातलं सामान धरलेलंच नाही अजून.

जादा पाटा टाकला की काय होतं? पाच सारख्या पाट्यांत सहावा तसाच टाकला, तर ताकद साधारण 20 टक्के वाढते. पण पाट्याची जाडी वाढवली तर हिशोब वेगळा, कारण ताकद जाडीच्या घनाप्रमाणे वाढते. 8 मिलिमीटरऐवजी 10 मिलिमीटरचा पाटा घेतला तर तो जवळजवळ दुप्पट कडक होतो. म्हणून "थोडा जाड टाकू" हे म्हणताना जपून. रिकाम्या गाडीत मागची चाकं खड्ड्यावर उड्या मारतील, आणि हवेत असलेलं चाक ना ब्रेक लावतं ना रस्ता धरतं.

यापेक्षा हेल्पर पाटा शहाणा. तो रिकाम्या गाडीत टेकतच नाही. गाडी ठरावीक बसली की मग टेकतो आणि भार घेतो. दुसरा पर्याय हवेच्या पिशव्यांचा, म्हणजे एअर बॅग. पाट्यांच्या जोडीला रबरी पिशवी बसवतात आणि भार असेल त्याप्रमाणे हवा भरतात, काम झालं की कमी करतात. ज्याला कधी भरून, कधी रिकामं जायचंय त्याला ही सोय बरी, फक्त हवा गळतेय का ते बघत राहावं लागतं. पाटे काढून बसवताना यू-बोल्ट नवीनच घ्या, आणि काहीशे किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा आवळून घ्या. नवीन पाटे एकमेकांवर बसतात आणि बोल्ट सैल पडतात.

शॉकॲब्सॉर्बरबद्दल (गॅरेजच्या भाषेत शॉकअप) एक गैरसमज काढून टाका. शॉकअप वजन उचलत नाही. पाटा एकदा दबला की वरखाली हलत राहतो, ते हलणं थांबवणं हे शॉकअपचं काम. आतल्या तेलाला बारीक भोकांतून ढकलून तो हालचालीची ऊर्जा उष्णतेत घालवतो. पाटे कडक केले आणि शॉकअप जुनेच दमलेले ठेवले, तर गाडी डोलत राहील.

आता त्या अर्ध्या उत्तराकडे. पाटे वाढवले, हवा भरली, गाडी मागून वर आली, दिसायला एकदम सरळ. पण पुढचे ते 40 किलो परत आले का? नाही आले. मागच्या चाकांवर अजूनही 140 जादा आहेत आणि पुढे 40 कमी. तरफेच्या हिशोबात पाटा कुठे येतो का, पुन्हा वर जाऊन बघा. येत नाही. पाट्याने उंची बदलली, वजनाची वाटणी बदलली नाही. उलट गाडी सरळ दिसल्याने आपण निर्धास्त होतो, हे मला जास्त वाईट वाटतं. शिवाय पाटे वाढवून ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक यांची क्षमता वाढत नाही. आरसीवर लिहिलेलं एकूण वजन तेच राहतं.

मग हुकावरचं वजन अगदी शून्य करावं का? तेही नको. आजोबांना बैलगाडी भरताना पाहिलं असेल तर आठवा. ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उठतं. म्हणून जाणता माणूस भार किंचित पुढे ठेवतो. मागे ओढायच्या ट्रेलरचंही तसंच आहे. ट्रेलरच्या वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के भार हुकावर असावा. त्याहून फार कमी असला तर वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलायला लागतो आणि गाडीलाही ओढतो. तसं झालं तर स्टिअरिंग झटकू नका, ॲक्सिलरेटर सोडून वेग उतरू द्या.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी पाटे घेण्याआधी वजनकाट्यावर पाठवलं. आधी मिक्सर न जोडता फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. नंतर मिक्सर जोडून पुन्हा तेच. चार आकडे, दहा मिनिटांचं काम. हौद्यातलं जड सामान मागच्या फळीजवळून काढून केबिनला चिकटवून ठेवलं तर काय फरक पडतो, तेही बघायला सांगितलं. ओझं ॲक्सलच्या पुढे सरकलं की पुढच्या चाकांवर वजन परत येतं, आणि याला एक रुपया लागत नाही.

हुक किंवा पाटे बदलण्याआधी आरटीओत आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलात मनाला येईल तसा बदल चालत नाही. आणि मिक्सरला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. 40 ऐवजी 60 च्या वेगाने गेलात तर थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते, आणि ती सगळी पिकअपच्या ब्रेकवर येते. इथे कोणताही पाटा उपयोगाचा नाही.

जाता जाता एक गणित. वरच्याच गाडीत हुक 1.2 ऐवजी 0.9 मीटरवर बसवला, बाकी सगळं तेच. पुढची चाकं किती किलोने हलकी होतील आणि मागे किती वजन वाढेल? वहीत करून बघा. 30 आणि 130 आलं तर तुम्हाला तरफ समजली.